सांबा शेअर: एकाने केलेली फाइल दुसऱ्याला फक्त वाचता येते, ग्रुपची परवानगी टिकत नाही

राजवाडा_डीटीपी (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमचं डीटीपी आणि छपाईचं काम आहे. लग्नसराईत पत्रिका, त्याआधी दिवाळी अंक, बाकी वर्षभर हिंदी-मराठी किरकोळ कामं. सगळ्या फाइली एका उबुंटू २४.०४ च्या मशीनवर आहेत आणि सांबाने (लिनक्सवरच्या फाइली नेटवर्कवरून विंडोज-मॅकला देणारा प्रोग्राम) शेअर केल्या आहेत. जोडलेली मशीनं: चार विंडोज ११, एक मॅक मिनी आणि एक लिनक्स मिंट. प्रत्येकाचं सर्व्हरवर वेगळं खातं आहे (ऑप१, ऑप२, मॅक, हिशेब वगैरे) आणि सगळे "प्रेस" नावाच्या ग्रुपमध्ये आहेत.

अडचण अशी की ऑप१ ने केलेली पत्रिका ऑप२ ला दुरुस्त करता येत नाही. उघडते, पण रीड-ओन्ली. मी सर्व्हरवर बसून पूर्ण फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) दिलं की सगळं सुरळीत होतं, आणि नव्या फाइली आल्या की पुन्हा तेच रडगाणं. मॅकवरून आलेल्या फाइलींचा त्रास सगळ्यात जास्त.

एसएमबी.कॉन्फ (सांबाच्या सेटिंगची फाइल) मध्ये एवढंच आहे:

[कामे]
पाथ = /एसआरव्ही/कामे
रीड ओन्ली = नो
व्हॅलिड यूजर्स = @प्रेस

एलएस -एल ने पाहिलं तर विंडोजवरून बनलेल्या नव्या फाइलीचा मालक ऑप१, ग्रुपही ऑप१ (प्रेस नाही!), आणि परवानगी मालकाला आरडब्ल्यूएक्स (आर वाचणं, डब्ल्यू लिहिणं, एक्स चालवणं), ग्रुपला नुसता आर, इतरांना नुसता आर.

रोज रात्री ७७७ चालवणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) लावावा असं एक जण म्हणतोय. मनाला पटत नाही. नीट उपाय काय?

टर्मिनलकर

क्रॉन नको. तुमच्या एलएसच्या त्या एका ओळीत पूर्ण निदान आहे, त्यात दोन वेगळे दोष दिसतात.

पहिला, ग्रुप चुकीचा लागतोय. उबुंटूमध्ये खातं उघडलं की त्याच नावाचा खासगी ग्रुपही बनतो आणि तोच त्या माणसाचा प्राथमिक ग्रुप असतो. "प्रेस" हा जोडीचा ग्रुप. नवी फाइल एरवी प्राथमिक ग्रुपच्या नावाने बनते. म्हणून ऑप१.

दुसरा, ग्रुपला लिहिण्याची परवानगीच मिळत नाही. आरडब्ल्यूएक्स-आर-आर म्हणजे ७४४ (आर चे ४, डब्ल्यू चे २, एक्स चा १, यांची बेरीज), आणि सांबात काहीच लिहिलं नसेल तर क्रिएट मास्क ०७४४ असतो, डिरेक्टरी मास्क ०७५५. सांबा आधी मास्क लावून नको ते बिट कापतो, मग फोर्स क्रिएट मोड मधले बिट वरून जोडतो. फोर्सची मूळ किंमत शून्य. म्हणजे तुमच्याकडे ग्रुपचा डब्ल्यू कापला जातोय आणि परत कोणी जोडत नाही. ७७७ त्या क्षणी असलेल्या फाइलींनाच लागतं, पुढे बनणाऱ्या फाइलींशी त्याचा काही संबंध नसतो.

दोन्ही दोष वेगवेगळे दुरुस्त करावे लागतात. लोक बहुधा एकच करतात आणि "सेटजीआयडी लावूनही चालत नाही" म्हणतात. सेटजीआयडी (फोल्डरवर लावायची एक खूण, खाली सांगतो) ग्रुपचं नाव बरोबर करतो, लिहिण्याची परवानगी देत नाही.

(कमांडी इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे देतोय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमनमध्येच टाका. आकडेही.)

आधी जुना माल साफ करा:

सुडो सीएचजीआरपी -आर प्रेस /एसआरव्ही/कामे
सुडो फाइंड /एसआरव्ही/कामे -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७० {} +
सुडो फाइंड /एसआरव्ही/कामे -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६६० {} +

पहिल्या ओळीतला आर मोठ्या लिपीतला. फोल्डर आणि फाइली वेगळ्या करायच्या. सरसकट सीएचमॉड -आर २७७० मारलं तर प्रत्येक फाइल एक्झिक्युटेबल होते, वर तिलाही सेटजीआयडी चिकटतो. काही ठिकाणी जी+आरडब्ल्यू आणि मोठा एक्स असा उपाय सुचवलेला दिसेल. मोठा एक्स फक्त फोल्डरना, आणि ज्या फाइलींना आधीपासून एक्स आहे त्यांना, एक्स देतो. एरवी छान. पण तुम्ही ७७७ मारून बसलाय, म्हणजे तुमच्या सगळ्याच फाइलींना एक्स आहे आणि तो तसाच राहील. म्हणून तुमच्यासाठी फाइंडच.

२७७० मधला पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. फोल्डरवर तो असला की आत बनणारी फाइल फोल्डरचा ग्रुप घेते, आणि आत बनणारा उपफोल्डर ग्रुप घेतो तसा तो २ सुद्धा घेतो. एलएसमध्ये ग्रुपच्या तिसऱ्या जागी एक्सऐवजी लहान एस दिसला की बरोबर. मोठा एस दिसला तर सेटजीआयडी आहे पण ग्रुपचा एक्स गेलाय, त्या फोल्डरमध्ये ग्रुपला शिरताच येणार नाही.

मग शेअरची व्याख्या:

[कामे]
पाथ = /एसआरव्ही/कामे
रीड ओन्ली = नो
व्हॅलिड यूजर्स = @प्रेस
फोर्स ग्रुप = +प्रेस
क्रिएट मास्क = ०६६०
फोर्स क्रिएट मोड = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०
फोर्स डिरेक्टरी मोड = २७७०

फोर्स ग्रुपच्या आधीचं अधिक चिन्ह विसरू नका. ते असलं तर आधीपासून प्रेसमध्ये असलेल्यांनाच तो प्राथमिक ग्रुप मिळतो. नसलं तर शेअरला जोडणारा कोणीही आपोआप प्रेसचा होऊन बसतो. आज व्हॅलिड यूजर्स त्याला अडवेल, पण उद्या कोणी ती ओळ सैल केली की दार सताड उघडं.

टेस्टपार्म -एस चालवून चूक नाही ना बघा, मग एसएमबीकंट्रोल ऑल रीलोड-कॉन्फिग. चालू जोडण्या तोडून पुन्हा जोडल्या तर उत्तम.

पोहे_पायथन

एवढं लिहिण्यापेक्षा फोर्स यूजर = ऑप१ करून टाका. सगळ्या फाइली एकाच्याच नावावर, ग्रुपचा प्रश्नच मिटला.

टर्मिनलकर

मिटतो, खरं आहे. घरच्या फोटोंच्या डिस्कला मी तेच सांगेन. पण प्रेसमध्ये पत्रिकेतली तारीख बदलली कोणी हे विचारायची वेळ येते तेव्हा सगळ्या फाइलींवर ऑप१ चं नाव दिसेल. शिवाय पुढे हिशेबाचा फोल्डर वेगळा ठेवायचा झाला तर त्या शेअरमधून येणारे सगळे एकच माणूस असतात, वेगळं काढणार कोणाला?

फॉन्टवाली

मॅकबद्दल मी सांगते, कारण वरचं सगळं केलंत तरी मॅकच्या फाइली बहुतेक तशाच येतील.

मॅकसाठी फ्रूट नावाचं मॉड्यूल वापरत असाल (आणि वापरायलाच हवं, नाहीतर ठिपका-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फाइलींचा खच पडतो), तर त्यात फ्रूट:एनएफएस_एसीईज नावाची एक कळ आहे. ती मूळची यस असते. तिच्यामुळे मॅकला सर्व्हरवरच्या फाइलीचा युनिक्स मोड थेट बदलता येतो. सांबा फाइल बनवतो ६६० ने, आणि पाठोपाठ मॅक म्हणतो "या फाइलीचा मोड ६४४ कर", कारण मॅकवर मूळ फाइल ६४४ होती. हा बदल फाइल बनून गेल्यावर येतो, म्हणून क्रिएट मास्क आणि फोर्स क्रिएट मोड दोन्ही निरुपयोगी. लोक मास्क बदलून बदलून थकतात ते यामुळेच.

ग्लोबल विभागात हे टाका:

व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = कॅटिया फ्रूट स्ट्रीम्स_एक्सॲटर
फ्रूट:मेटाडेटा = स्ट्रीम
फ्रूट:एनएफएस_एसीईज = नो

क्रम हाच ठेवा. ग्लोबलमध्ये का, तर मॅक ॲपलच्या खास सोयी पहिल्या शेअरला जोडतानाच ठरवून घेतो. पहिला शेअर फ्रूटशिवायचा निघाला तर त्या जोडणीत पुढच्या शेअरनाही त्या मिळत नाहीत. शेअरच्या आत व्हीएफएस ऑब्जेक्ट्सची वेगळी ओळ लिहिलीत तर ती ग्लोबलच्या ओळीत भर घालत नाही, तिला पूर्ण झाकते. तिथे पुन्हा सगळी नावं लिहावी लागतात.

बदल केल्यावर मॅकवर शेअर इजेक्ट करून कमांड-के ने परत जोडा. नुसती फाइंडरची खिडकी बंद करून जोडणी तुटत नाही.

आणखी एक. ठिपक्याच्या फाइली लपवायला कोणी व्हेटो फाइल्स सुचवेल. लावलंत तर डिलीट व्हेटो फाइल्स = यस सुद्धा लावा. नाहीतर वरून रिकामा दिसणारा फोल्डर "रिकामा नाही" म्हणून पुसलाच जात नाही आणि ऑपरेटर तुम्हाला हाका मारत बसतो.

सयाजीगंज_नेट (बडोदा)

टर्मिनलकर म्हणतात ते सांबातून येणाऱ्यांपुरतं शंभर टक्के बरोबर. पण प्रश्नात एक लिनक्स मिंट आहे, तो कसा जोडलाय त्यावर पुढचं ठरतं.

सांबातूनच, म्हणजे सीआयएफएसने माउंट केला असेल, तर मिंटवर एलएसमध्ये जे मालक-ग्रुप दिसतात ते बहुतेक वेळा माउंट करताना दिलेल्या यूआयडी, जीआयडी (मालकाचा आणि ग्रुपचा आकडा), फाइल_मोड, डिर_मोड वरून रंगवलेले असतात. खरी परवानगी सर्व्हर ठरवतो. मिंटवर सीएचमॉड मारून काही होत नाही म्हणून लोक चक्रावतात, तर ते असं. मात्र तो रंग चुकीचा असेल तर मिंट स्वतःच तुम्हाला अडवतो, सर्व्हरपर्यंत विनंती जातच नाही. म्हणून एफएसटॅबमध्ये (काय कसं माउंट करायचं त्या नोंदींची फाइल) जीआयडी मिंटवरच्या तुमच्या ग्रुपचा, फाइल_मोड=०६६० आणि डिर_मोड=०७७० द्या. पासवर्ड वेगळ्या क्रेडेन्शियल्स फाइलीत ठेवा, मालक रूट आणि मोड ६००. एफएसटॅब सगळ्यांना वाचता येते.

मिंटवाला एसएसएचने किंवा आरसिंकने थेट सर्व्हरवर लिहीत असेल तर गोष्ट बदलते. तिथे सांबाच्या मास्कला कोणी विचारत नाही, यूमास्क (नव्या फाइलीतून कुठले बिट कापायचे तो आकडा) चालतो. तो ०२२ असेल तर ग्रुप बरोबर लागेल (सेटजीआयडीमुळे), पण डब्ल्यू नाही. अशा मिश्र ठिकाणी मी डीफॉल्ट एसीएल (नावानिशी दिलेल्या जादा परवानग्यांची यादी) लावतो:

सुडो सेटएफएसीएल -आर -एम जी:प्रेस:आरडब्ल्यूएक्स (मोठा एक्स) /एसआरव्ही/कामे
सुडो सेटएफएसीएल -आर -डी -एम जी:प्रेस:आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/कामे

इथेही आर मोठा. दुसऱ्या ओळीतला डी म्हणजे डीफॉल्ट, पुढे बनणाऱ्यांसाठी. फोल्डरवर डीफॉल्ट एसीएल असली की तिथे यूमास्क लागूच होत नाही. एलएसमध्ये परवानगीच्या शेवटी अधिक चिन्ह दिसेल, ते एसीएल असल्याची खूण.

आता यातली खोच. एसीएल असलेल्या फाइलीत एलएस जी मधली तीन अक्षरं दाखवतो ती ग्रुपची राहत नाहीत, ती मास्क होतात. मास्क म्हणजे नावाने दिलेल्या सगळ्या परवानग्यांवरची कमाल मर्यादा. कोणी सीपी ने ६४४ वाली फाइल या फोल्डरमध्ये आणली तर सीपी मूळ फाइलीचा मोड सोबत आणतो, मास्क आर एवढाच होतो, आणि गेटएफएसीएल तुम्हाला दाखवतो: ग्रुप:प्रेस:आरडब्ल्यूएक्स, आणि बाजूला "इफेक्टिव्ह: आर". परवानगी कागदावर आहे, हातात नाही. एवढी एक ओळ वाचायला शिकलात तर एसीएलचे निम्मे घोळ आपोआप सुटतात. दुरुस्ती: सेटएफएसीएल -एम एम::आरडब्ल्यू आणि पुढे फाइल.

आरसिंकला -ए देऊ नका, त्यात मूळ मशीनवरचा मोड, मालक आणि ग्रुप तिन्ही येतात. त्याऐवजी

आरसिंक -आरएलपीटी --सीएचमॉड=डी२७७०,एफ६६० मूळ/ सर्व्हर:/एसआरव्ही/कामे/

मोड तुम्ही ठरवलेला, ग्रुप सेटजीआयडीचा. ही ओळ एसीएलशिवायही चालते.

टर्मिनलकर

एसीएलला विरोध नाही, पण राजवाडा, तुमचा मिंट फक्त सांबातून येत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. परवानगी एकाच ठिकाणी ठरावी. मास्क सांबात, एसीएल फाइलसिस्टिममध्ये, आणि विंडोजच्या सिक्युरिटी टॅबमधून तिसराच कोणी ढवळतोय, असं झालं की काय बिघडलं ते शोधायला संध्याकाळ जाते.

सिक्युरिटी टॅबवरून आठवलं: सांबात एनटी एसीएल सपोर्ट मूळचा यस असतो, म्हणून विंडोजवाला राइट क्लिक करून परवानग्या बदलू शकतो. त्याने भलत्याच ठिकाणी टिक मारली की सर्व्हरवरचा मोड बदलतो. साध्या ग्रुपच्या मांडणीत शेअरमध्ये एनटी एसीएल सपोर्ट = नो लिहून तो दरवाजा बंद करा. सयाजीगंज यांच्या पद्धतीने एसीएल वापरणार असाल आणि ती विंडोजवरून बघायची असेल तर मात्र तो चालू हवा.

राजवाडा_डीटीपी (इंदूर)

सर्वांचे आभार. मिंट सांबातूनच येतो, तेव्हा एसीएल नाही लावली. वरच्या ओळी टाकल्या. मॅकचा प्रश्न सुटला, फॉन्टवाली ताई, नेमकी तीच कळ होती. नव्या फाइली आता प्रेस ग्रुपच्या आणि ६६० च्या येतात.

उरलेलं:

ऑप४ नवीन मुलगा आहे, त्याला ग्रुपमध्ये घातलं तरी विंडोजवरून "ॲक्सेस डिनाइड". सर्व्हरवर आयडी ऑप४ केलं तर प्रेस दिसतो. मध्येच त्याच्या मशीनवर १२१९ नंबरचा एरर आला.

डिझाइनच्या टेबलावरून एक फाइल दुसऱ्या फोल्डरमधून "कामे" मध्ये हलवली (सर्व्हरवरच, एमव्ही ने) तर ती पुन्हा जुन्याच ग्रुपची.

"बिले" नावाचा उपफोल्डर फक्त हिशेबवाल्यांना दिसावा. आणि ऑपरेटरांनी एकमेकांच्या फाइली पुसू नयेत यासाठी काही करता येईल का? स्टिकी बिट म्हणून काहीतरी वाचलं.

जुनी कामं एका बाहेरच्या एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटच्या) डिस्कवर आहेत, /एमएनटी/जुने इथे. तिथे सीएचमॉड मारतो, एरर येत नाही, पण बदलतही काही नाही.

टर्मिनलकर

ऑप४: आयडी ऑप४ हे ग्रुपची नोंदवही वाचून सांगतं. चालू जोडणीत मात्र ती सुरू होताना जे ग्रुप होते तेच राहतात. सांबाची जोडणी असो की टर्मिनलचं लॉगिन, ग्रुप बदलला की बाहेर पडून परत आत. विंडोजवर साइन आउट करून साइन इन करा, किंवा कमांड प्रॉम्प्टवर नेट यूज * /डिलीट. सर्व्हरवर एसएमबीस्टेटस बघा, त्यात कोण कुठल्या नावाने आणि कुठल्या ग्रुपने जोडलाय ते लिहिलेलं असतं. तिथे ऑप४ ऐवजी दुसरंच नाव निघालं तर नवल नाही, कारण १२१९ चा अर्थच तो: विंडोज एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडू देत नाही. त्या मशीनवर आधीच्या माणसाचा पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेला असणार. तो काढा, नेट यूज ने तोडा, मग ऑप४ च्या नावाने जोडा.

ऑप४ चं सांबा खातं केलंय ना? लिनक्सचं खातं आणि सांबाचा पासवर्ड वेगळे. सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए ऑप४, आणि पीडीबीएडिट -एल (मोठा एल) ने यादी बघा.

ग्रुपमध्ये घालताना यूजरमॉडला लहान ए आणि मोठा जी दोन्ही द्या. नुसता मोठा जी दिला तर तो माणूस बाकी सगळ्या जोडीच्या ग्रुपमधून बाहेर पडतो, त्यात सुडो सुद्धा आला. स्वतःच्याच खात्यावर असं केलंत तर सर्व्हरच्या चाव्या आत राहिल्या आणि तुम्ही बाहेर. जीपासडब्ल्यूडी -ए ऑप४ प्रेस ही जास्त सुरक्षित सवय.

एमव्ही: एकाच डिस्कवर फाइल हलवली म्हणजे तिचा फक्त पत्ता बदलतो, फाइल तीच, म्हणून मालक, ग्रुप, मोड सगळं जुनं. कॉपी केली तर नवी फाइल बनते आणि फोल्डरचा ग्रुप घेते. सेटजीआयडी, मास्क, डीफॉल्ट एसीएल, यातलं काहीही फक्त फाइल *बनताना* लागतं. तेव्हा सर्व्हरवर सीपी करून मूळ पुसा, किंवा हलवून झाल्यावर सीएचजीआरपी आणि सीएचमॉड.

यातूनच बिलांचं उत्तर निघतं. उपफोल्डरला ग्रुप हिशेब आणि २७७० दिलं तर ते चालेल. फोर्स ग्रुप प्रेस असला तरी फोल्डरच्या सेटजीआयडीचा शब्द शेवटचा, फाइल हिशेब ग्रुपचीच बनेल. पण हिशेबवाल्याने एखादं कोटेशन बिले मधून पत्रिका मध्ये ओढून टाकलं की शेअर एकच असल्यामुळे ते नुसतं नाव बदलणं ठरतं, आणि ग्रुप हिशेबच राहतो. ऑपरेटरला नाव दिसेल, उघडणार नाही. उलट दिशेने तर अधिक वाईट: बिले मध्ये ओढलेली फाइल प्रेसचीच राहील. म्हणून /एसआरव्ही/हिशेब असा वेगळा फोल्डर आणि [हिशेब] असा वेगळा शेअर करा. दोन शेअरमध्ये फाइल ओढली की विंडोजला कॉपी करून मूळ पुसावं लागतं, आणि परवानगी आपोआप नव्या ठिकाणची लागते.

सयाजीगंज_नेट (बडोदा)

स्टिकीच्या बाबतीत थांबा. फाइल पुसण्याचा हक्क फाइलीवर नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरच्या डब्ल्यूवर असतो. स्टिकी बिट (३७७०) लावला की पुसणं आणि नाव बदलणं फक्त फाइलीच्या किंवा फोल्डरच्या मालकाला. ऐकायला हवं तेच वाटतं. पण वर्ड सेव्ह करताना जुन्या फाइलीत लिहीत नाही. शेजारी तात्पुरती फाइल बनवतो, जुनी बाजूला सारतो आणि नवीला जुनीचं नाव देतो. स्टिकी असेल तर ऑप२ ला ऑप१ ची फाइल बाजूला सारता येत नाही, सेव्ह फसतं आणि फोल्डरमध्ये टिल्डने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फाइली उरतात. म्हणजे ज्यासाठी हा धागा उघडलात तोच त्रास नव्या वेषात. (याच कारणाने वर्डच्या फाइलीचा मालक शेवटी सेव्ह करणारा होत जातो, ते पाहून दचकू नका. ग्रुप बरोबर आहे तोवर ठीक.)

पुसलेलं परत मिळावं एवढाच हेतू असेल तर रीसायकल मॉड्यूल लावा. व्हीएफएसच्या ओळीत सगळ्यात आधी रीसायकल लिहा आणि खाली:

रीसायकल:रिपॉझिटरी = .रीसायकल/%यू (मोठा यू)
रीसायकल:कीपट्री = यस
रीसायकल:व्हर्जन्स = यस
रीसायकल:डिरेक्टरी_मोड = ०७७०

शेवटची ओळ गाळू नका. ती नसेल तर कचऱ्याचा फोल्डर पहिल्यांदा पुसणाऱ्याच्या नावाने ०७०० ने बनतो, बाकीच्यांना त्यात शिरता येत नाही, आणि त्यांनी पुसलेल्या फाइली थेट जातात. हे फक्त शेअरमधून पुसलेल्यांना लागू, सर्व्हरवर आरएम केलेलं गेलंच. आणि हा फोल्डर आपोआप रिकामा होत नाही, डिस्क भरत राहते. जुन्या फाइली काढणारा क्रॉन हवाच असेल तर इथे लावा.

फॉन्टवाली

एनटीएफएसच्या डिस्कचं राहिलं. तिथे लिनक्सच्या मालक-ग्रुपची नोंद साध्या माउंटमध्ये ठेवलीच जात नाही, एक्सफॅटवर तर ती ठेवायला जागाच नाही. पूर्ण डिस्कला एकच परवानगी, आणि ती माउंट करताना ठरते. आधी गेटएंट ग्रुप प्रेस ने ग्रुपचा आकडा काढा (समजा १००५), मग एफएसटॅबमध्ये:

यूयूआयडी=तुमच्या_डिस्कचा /एमएनटी/जुने एनटीएफएस-३जी यूआयडी=१०००,जीआयडी=१००५,यूमास्क=०००७,नोफेल ० ०

यूयूआयडी बीएलकेआयडी सांगेल. यूमास्क ०००७ म्हणजे मालक आणि ग्रुपला सगळं, इतरांना काही नाही. नोफेल यासाठी की डिस्क काढलेली असताना सर्व्हर चालू केला तर तो वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसू नये. सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड, यूमाउंट, माउंट -ए, मग फाइंडएमएनटी ने पर्याय खरंच लागले ना बघा.

डिस्क विंडोजमधून फास्ट स्टार्टअप चालू ठेवून किंवा हायबरनेट करून काढली असेल तर लिनक्स तिला फक्त वाचण्यापुरती जोडेल, मग कितीही जीआयडी द्या. त्या विंडोजवर फास्ट स्टार्टअप बंद करून नीट शटडाउन करा.

ही डिस्क आता सर्व्हरलाच कायमची लावून ठेवणार असाल तर माल दुसरीकडे काढून तिला ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) करा. जेल रोडवरून नवीन आणली तरी ती दुकानातून बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट होऊनच येणार, लावायच्या आधी फॉरमॅट करून घ्या. मॅकच्या फाइलींचा जो जादा भाग स्ट्रीम्स_एक्सॲटर साठवतो त्यालाही ईएक्सटी४ वर नीट जागा मिळते.

राजवाडा_डीटीपी (इंदूर)

ऑप४ चालला. साठवलेला पासवर्ड दुसऱ्याचाच निघाला. [हिशेब] वेगळा केला, रीसायकल लावलं, डिस्क सध्या माउंटवर भागवतोय, दिवाळी अंक हातावेगळा झाला की ईएक्सटी४ करेन.

एकच शेवटचं: स्कॅनर शेअरमध्ये थेट पीडीएफ टाकतो, त्यासाठी "स्कॅन" नावाचं खातं आहे. त्याच्या फाइलींना वेगळं काही करावं लागेल का? आणि आमच्याकडे एक जुना स्कॅनरही आहे, तो जोडतच नाही.

टर्मिनलकर

स्कॅन खात्याला प्रेसमध्ये घाला, बाकी काही नाही. शेल नोलॉगिन ठेवा, फाइल टाकण्यापलीकडे त्याला काम नाही. /एसआरव्ही/स्कॅन असा वेगळा शेअर दिलात तर आणखी चांगलं, त्याचा पासवर्ड स्कॅनरच्या मेनूत कोणालाही दिसू शकतो. मग व्हॅलिड यूजर्समध्ये @प्रेस सोबत स्कॅन लिहा, खातं प्रेसमध्ये न घालता, आणि त्या शेअरपुरतं फोर्स ग्रुप = प्रेस, अधिक चिन्हाशिवाय. इथे ते चिन्ह मुद्दाम गाळायचं. हे खातं मुख्य शेअरच्या @प्रेस मध्ये बसत नाही, म्हणून तिथे पोचत नाही.

जुना स्कॅनर बहुधा एसएमबी१ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉलच बोलतो. सांबाने ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी१ मूळचा बंद ठेवलाय. सर्व्हर मिन प्रोटोकॉल खाली आणून तो चालू करता येतो, पण ती कळ ग्लोबल आहे, एका स्कॅनरसाठी पूर्ण सर्व्हर जुन्या प्रोटोकॉलला उघडा पडतो. स्कॅनरच्या मेनूत एफटीपी असेल तर त्यासाठी फक्त घरच्या नेटवर्कपुरता एफटीपी सर्व्हर लावा, मूळ फोल्डर /एसआरव्ही/स्कॅन ठेवा, आणि त्याचा यूमास्क ००७ करा. व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमध्ये ती कळ लोकल_यूमास्क, मूळची ०७७ असते. तशीच ठेवलीत तर पीडीएफ ६०० ने बनेल आणि स्कॅन खात्याशिवाय कोणाला उघडणार नाही.

आणि त्या खात्याचं शेल नोलॉगिन ठेवलं तर व्हीएसएफटीपीडी लॉगिन नाकारेल, कारण ते शेल /ईटीसी/शेल्स च्या यादीत नसतं. यादीत नोलॉगिनची ओळ घाला, टर्मिनलचं लॉगिन तरीही बंदच राहतं.